न हलणारा कम्प्युटर

फकिराभाऊ झंझाड कोणतीही वस्तू आधी हातानं पाहत आणि मग डोळ्यांनी. बोरसीच्या बाजारात बायका वांगी दाबून बघतात. फकिराभाऊ वांगं तळहातावर घेत, हात दोनदा खाली-वर करत आणि मग भाव विचारत. लग्नाची पत्रिका आली तरी उघडायच्या आधी तिचं वजन व्हायचं. "जड आहे," ते म्हणत, "जेवण चांगलं राहीन." त्यांची मुलगी गुंजन जन्मली तेव्हा दवाखान्यातल्या नर्सनं बाळाचं वजन सांगितलं, तर यांनी मुलीला हातात घेऊन सांगितलं, "सिस्टर, तुमचा काटा एकदा चेक करून घ्या." नर्स म्हणाली, "काका, तुम्ही जरा बाहेर बसा."

हा दोष त्यांचा नव्हता, नोकरीचा होता. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये त्यांचा जन्म गेला तो वजनकाट्यावर. ट्रक काट्यावर चढायचा, आकडा खोलीतल्या यंत्रावर उमटायचा आणि फकिराभाऊंनी तो उतरवून घ्यायचा, काम एवढंच. पण जिवंत माणूस किती वर्षं नुसता आकडा उतरवून घेईल? ट्रक वळताना त्याच्या दबलेल्या टायरांकडे पाहून ते आधीच एक आकडा मनात धरायचे. बरोबर आला की शेजारच्या क्रेनवरच्या भूपेंद्रला सांगायचे. चुकला की सांगायचे नाहीत, आणि चहा येईपर्यंत स्वतःही विसरून जायचे. त्यामुळे फकिराचा अंदाज कधी चुकत नाही, अशी प्लांटजवळच्या खुर्सीपार वस्तीभर ख्याती झाली होती आणि तिच्यावर सगळ्यांत जास्त विश्वास फकिराभाऊंचाच होता.

लाखांदूरकडच्या एका गावात ते मुलगी पाहायला गेले, तेव्हा नलूबाईंनी पाण्याचा पितळी लोटा पुढे केला. फकिराभाऊंनी लोटा हातात धरला, वजन पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "वा." पुढची सगळी वर्षं नलूबाई आल्यागेल्याला सांगत, "यायनं लग्न लोट्यासंग केलं बाप्पा. मी मांगं मांगं आली."

नलूबाईंना जाऊन आता तिसरं वर्ष. शेवटच्या आजारात त्यांना सकाळी पलंगावरून उचलून खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायचं काम फकिराभाऊंचं होतं. डॉक्टर धीर देत होते, पाहुणे धीर देत होते. पण रोज उचलणाऱ्या माणसाला रोज कळत होतं.

निवृत्तीनंतर प्लांटचं क्वार्टर सोडून त्यांनी बोरसीत घर बांधलं होतं. वरची एक खोली मुलाची, पीयूषची, एक गुंजनची, खाली दोघं म्हातारी, असा नकाशा होता. नकाशातला पीयूष आधीच गळाला होता. त्याला इंजिनीअरिंगला जाताना लॅपटॉप घेऊन दिला होता आणि तो निवडताना फकिराभाऊंनी जन्मात एकदाच हलकी वस्तू पसंत केली होती. पोराला ओझं नको, एवढाच विचार. तो हलका लॅपटॉप पाठीवर टाकून पीयूष आधी रायपूरला गेला, मग बंगळुरूला, मग जर्मनीला. आईच्या तेरवीला आला तेव्हाही पाठीवर लॅपटॉप होता, आणि तेरवी झाल्यावर तो पाठीवर टाकूनच परत गेला. पोरगं दूर गेलं यात नोकरीचा, पगाराचा, काळाचा हात होताच. पण फकिराभाऊंना मनातून वाटे की मुख्य चूक वजनाची झाली.

राहिली होती गुंजन. ती गेममधली घरं, झाडं, दगड बनवायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फकिराभाऊंनी विचारलं होतं, "दगड? दगडाचे पैसे देतात लोक?" देत होते, थोडे थोडे. कॉलेजात असताना घेतलेल्या जुन्या कम्प्युटरवर ती ते काम करायची आणि संध्याकाळी त्याच्यावरच गेम खेळायची. तो कम्प्युटर दम्याच्या रोग्यासारखा धापा टाकायचा.

एका रात्री जेवताना ती म्हणाली, "बाबा, हैदराबादच्या गेमवाल्या कंपनीचा मेल आला."

"काय म्हणतेत?"

"या म्हणून राहिले. पक्की नोकरी. पण राहाचं तिकडंच."

फकिराभाऊंनी वरणाची वाटी उगाच हातात घेतली आणि ठेवली. "इथून नाही होत?"

"होते ना. त्यायचं म्हणणं, घरून करायचं असन तर आधी महिनाभर करून दाखव. टाइमात झालं तर घरूनच कर. पण बाबा, त्याले मशीन तशी लागते. हा खटारा फाइल खोलालेच अर्धा तास घेते. गेमिंग पीसी पाहिजे. लई भारी नको, बजेटवाला चालन. पण गेमिंगच."

"कामाले गेमिंग कावून?"

"जे मशीन गेम ओढते तेच हे काम ओढते. आन् संध्याकाळी मी खेळीन पण, खोटं कावून सांगू."

"तुले काय वाटते? जावं का राहावं?"

गुंजन ताटातला भात एका बाजूला करत होती. "मले काय. इथून झालं तर बरंच आहे," ती म्हणाली. वर पाहिलं नाही. फकिराभाऊंनी ते वाक्य ऐकलं आणि मान खाली होती ती पाहिली नाही. किंवा पाहिली असेल आणि चुकलेल्या आकड्यासारखी विसरून गेले असतील.

दोन-चार दिवसांनी ते सायकल घेऊन खुर्सीपारला गेले. तिथल्या टपरीवर क्रेनवाला भूपेंद्र भेटायचाच. आता क्रेन नव्हती, पण उंचावरून बोलायची सवय राहिली होती.

"काय बे फकिरा, म्हातारपणी गेम खेळून राहिला म्हणे."

"पोरीसाठी कम्प्युटर घेऊन राहिलो. लॅपटॉप नाही, डेस्कटॉप. लॅपटॉप हलका असते, पिशवीत टाकला का गेला. पीयूषच्या टायमाले मी तिथंच फसलो. आता असा घेतो का दोघायनंही उचलला नाही पाहिजे. मशीन फाउंडेशनवर बसली का माणूस मशीनपाशी राह्यते. प्लांटमधी पाह्यलं ना आपण."

भूपेंद्रनं बशीतला चहा फुंकला. "माह्या घरी सागाचा दिवाण आहे. चार हमालायनं वर चढवला होता. पोरगं त्याच्यावरच झोपे."

"मंग?"

"मंग काय. दिवाण आहे ना अजून."

फकिराभाऊंना हे बोलणं आवडलं नाही. दिवाण आणि कम्प्युटर यांत फरक आहे, असं त्यांनी भूपेंद्रला समजावून सांगितलं. फरक काय, ते मात्र सायकलवर परत येताना शोधत राहिले.

कम्प्युटरचे सुटे भाग भिलाईतल्या सुपेल्याच्या एका दुकानात मिळायचे. गुंजननं बापाला स्कूटीवर मागं बसवलं आणि जाता जाता शिकवणी घेतली. प्रोसेसर म्हणजे कंट्रोल रूम. रॅम म्हणजे शिफ्टवर हजर असलेली माणसं. पॉवर सप्लाय म्हणजे सबस्टेशन. मदरबोर्ड म्हणजे आतले रस्ते आणि रूळ. आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे भट्टी.

"सगळा माल भट्टीतून निघते बाबा. बजेट कमी असलं का बाकी सगळं मारून मुटकून करायचं, पैसा भट्टीत टाकायचा. असंच सगळे सांगतेत."

"आन् कॅबिनेट?"

"ते शेड. शेड कशीही चालते."

फकिराभाऊंनी मागे बसून स्कूटीच्या पत्र्यावर एक टिचकी मारून पाहिली. मग म्हणाले, "शेड कशीही चालत नाही, माय. शेड उडालेली मी पाह्यली आहे."

दुकान मोना नावाची मुलगी चालवायची. वडिलांचं दुकान, वडील अंथरुणाला खिळलेले, म्हणून ही गल्ल्यावर. तिनं फकिराभाऊंना स्टूल दिलं, "बैठिए अंकल," म्हणाली आणि गुंजनशी किमतीचं बोलू लागली. फकिराभाऊ बसले नाहीत. काउंटरवर येईल ती वस्तू ते हातात घेत गेले.

प्रोसेसरची डबी हातात घेतली आणि त्यांनी मोनाकडे पाहिलं. "इसमें माल है क्या?"

"है अंकल."

"उदबत्तीचा पुडा याच्याहून जड असते."

रॅमची पट्टी त्यांना खारीच्या तुकड्यासारखी वाटली. सगळी साठवण ज्याच्यात होणार ते तर दातकोरण्याच्या पाकिटाएवढं होतं. एवढ्यात गुंजनची सगळी घरं, झाडं आणि दगड मावणार होते. पॉवर सप्लाय आला तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला. हाताला ओढ बसली. "हे घ्या," ते म्हणाले. ग्राफिक्स कार्ड काचेच्या कपाटात सीलबंद खोक्यात होतं, वरच्या चित्रात तीन पंख्यांचं, लांबलचक. त्यांनी ते खोलून मागितलं, पण मोना म्हणाली, "सील टूट जाएगी अंकल." म्हणून ती एकच वस्तू त्या दिवशी त्यांच्या हातावर आली नाही.

मग कॅबिनेट. मोनानं पुढे केलं ते काचेचं होतं, आत रंगीत दिवे. फकिराभाऊंनी त्यावर टिचकी मारली. फरसाणाच्या रिकाम्या डब्यावर मारावी तसा आवाज आला. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. सगळे फरसाणाचे डबे. तेवढ्यात त्यांना कोपऱ्यात पोत्याखाली काहीतरी काळं दिसलं.

"वो पुराना स्टॉक है अंकल. अब ऐसा कोई बनाता नहीं. कोई लेता भी नहीं."

फकिराभाऊंनी पोतं काढलं. टिचकी मारली. आवाज आलाच नाही. दोन्ही हातांनी उचलायला गेले, तर ते जमिनीपासून बोटभर सुटलं आणि परत बसलं. नलूबाई गेल्यापासून गुंजननं बापाचा चेहरा असा पाहिला नव्हता.

"काय पत्रा आहे," ते म्हणाले. "काय पत्रा आहे, गुंजू."

गुंजननं आत डोकावून पाहिलं. "आतमधी हे जाळं रिव्हेट करून टाकलं आहे बाबा. निघत नाही. जुन्या हार्डडिस्का ठेवायचं."

"म्हणूनच मजबूत आहे."

मोनानं किंमत सांगितली. न खपणाऱ्या वस्तूची किंमत कमी असावी असा नियम आहे. पण फकिराभाऊंचा चेहरा मोनालाही दिसला होता.

"बाबा, याच्यापायी कार्ड खालचं घ्यावं लागन."

"खालचं म्हणजे चालत नाही का?"

"चालते. पण भट्टी छोटी होईन."

"शेड मजबूत असली का भट्टी वाढवता येते मंग. शेड पुन्हा नाही बांधत कोणी."

गुंजन त्यांच्याकडे पाहत राहिली. ते कॅबिनेटवर हात ठेवून उभे होते, बाजारात पसंत केलेल्या बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. "ठीक आहे मोना," ती म्हणाली. "कार्ड छोटा वाला दे दे."

मोनानं सगळं जोडून दिलं. बोरसीला ऑटोतून आणल्यावर ऑटोवाला आणि फकिराभाऊ यांनी मिळून कम्प्युटर जिन्यातून वर नेला. मध्ये दोनदा टेकवावा लागला आणि दोन्ही वेळा फकिराभाऊ समाधानानं हसले. त्यांनी गुंजनच्या टेबलाखाली आधीच एक फरशी बसवून वर रबराचा तुकडा अंथरला होता.

"चार बोल्ट मारू का खालून?"

"बाबा, तो कम्प्युटर आहे. पाण्याचा पंप नाही."

पुढचे काही दिवस त्या घराला बरे गेले. दिवसभर गुंजन काम करायची. संध्याकाळी कानांवर हेडफोन चढवून दूरदूरच्या मित्रमैत्रिणींबरोबर खेळायची आणि वरून आवाज यायचा, "पीछे से आ रहा है, पीछे से. अरे मार ना, देख क्या रहा है." खाली फकिराभाऊ टीव्हीचा आवाज बंद करून ते ऐकत बसत. घरात कोणीतरी कोणालातरी ओरडतंय, हेच त्यांना पुरेसं होतं. नलूबाई गेल्यापासून त्या घरात कोणी मोठ्यानं बोललं नव्हतं.

हैदराबादचं पहिलं काम वेळेत गेलं. दुसरं आलं ते मोठं होतं. एक सबंध बाजार बनवायचा होता, दुकानांसकट, माणसांसकट, पताकांसकट. कम्प्युटरनं तो बाजार अर्धा काढला आणि थांबला. पुन्हा काढायला घेतला, पुन्हा थांबला. गुंजन हनुवटी हातावर ठेवून पडद्याकडे बघत बसायची. संध्याकाळचा आरडाओरडा बंद झाला.

"काय होऊन राहिलं?" फकिराभाऊ दारातून विचारत.

"काही नाही. रेंडर होऊन राहिलं."

सकाळी विचारलं तरी तेच. दुपारी विचारलं तरी तेच. कावीळ होते, गोवर होते, तसं कम्प्युटरला रेंडर होतं, आणि ते आपापल्या दिवसांनीच उतरतं, अशी फकिराभाऊंनी समजूत करून घेतली.

मग एका दुपारी ते चहाचे कप घेऊन जिना चढत असताना गुंजनचा आवाज ऐकू आला. फोनवर रेणू होती, कॉलेजातली मैत्रीण, हैदराबादलाच नोकरी करणारी.

"कार्ड छोटा पड़ गया यार. हाँ, टाइम निकल गया. वो बोले काम अच्छा है, स्लो है, इधर आ जाओ, मशीन इधर है." मग थोडं थांबून, "नहीं रे, बाबा को कैबिनेट पसंद आ गया था. छोड़ ना अब."

फकिराभाऊ मधल्या पायरीवर उभे राहिले. वळले आणि चहा परत खाली घेऊन गेले. दोन्ही कप ओट्यावर ठेवले. एकही प्याला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच ते मोनाच्या पायरीवर बसलेले होते.

"कैबिनेट वापस लो," ते म्हणाले. "वो बड़ा कार्ड दे दो."

मोना कुलूप काढताना थांबली. "कैबिनेट नहीं ले सकती अंकल. मुश्किल से तो गया है." मग तिलाच कसंतरी वाटलं. "छोटा कार्ड ले लूँगी वापस. पर उस दिन दीदी ने तो बड़ा वाला ही माँगा था ना."

"हाँ," फकिराभाऊ म्हणाले. "दीदीने माँगा था."

बाकीची भर त्यांनी कुठून घातली ते कोणाला कळलं नाही. मोनानं कार्डाचा खोका हातात दिला आणि फकिराभाऊ चपापले. खोका जड होता. आतली वस्तू चांगली भरीव, हाताला ओढ बसेल अशी. त्या दिवशी काचेआड नसती आणि एकदा हातावर आली असती, तर त्यांनी हीच घेतली असती. ते बराच वेळ खोका धरून उभे राहिले. शेवटी मोनानं विचारलं, "पानी दूँ क्या अंकल?"

गुंजन दुर्ग शहरात गेली होती. फकिराभाऊंनी कॅबिनेटचं झाकण काढलं, छोटं कार्ड मोनानं दाखवलं होतं तसं हलक्या हातानं सोडवलं आणि मोठं कार्ड आत सारलं. ते गेलं नाही. पुढे ते रिव्हेट मारलेलं जाळं आडवं येत होतं. तिरकं करून पाहिलं, वरून घालून पाहिलं. चार बोटं जागा कमी पडत होती. प्लांटच्या माणसाला लोखंड आडवं आलं तर एकच गोष्ट सुचते. त्यांनी खालून करवत आणली.

पत्रा चांगला होता. त्यांनीच निवडला होता. करवतीचं पातं त्यावर नुसतं घसरत होतं. जोर लावल्यावर एक रेघ उमटली, रेघेची खाच झाली, आणि खाचेत अडकून पातं तुटलं. त्यांनी दुसरं लावलं.

"काय करून राहिले बाबा?"

गुंजन दारात उभी होती. खोकं, काढून ठेवलेलं जुनं कार्ड, बापाच्या बनियनवरचा लोखंडाचा चुरा, सगळं तिनं एकदम पाहिलं.

"बसून नाही राहिलं," फकिराभाऊ मान वर न करता म्हणाले. "थोडंसं कापतो. चार बोटं कापलं का बसन."

"बाबा, मी परवा हो म्हणून सांगतलं त्यायले."

करवत दोनदा पुढे-मागे झाली. "हे लावून एकदा पाह्य. मंग कळव का मशीन आली म्हणा. भट्टी मोठी केली म्हणा."

"आता नाही होत तसं."

"कावून नाही होत?"

"बाबा, ठेवा ते."

त्यांनी करवत ठेवली. गुंजन त्यांच्यासमोर फरशीवर येऊन बसली. मध्ये उघडं कॅबिनेट.

"माह्यापायी झालं," फकिराभाऊ म्हणाले.

"तुमच्यापायी नाही. मले जायचं होतं थोडंसं."

"थोडंसं म्हणजे किती?"

गुंजन कपाळावरचे केस मागे सारत राहिली. "त्या दिवशी दुकानात मी अडून बसली असती तर मोठं कार्ड घेतलंच असतं ना तुमी. काय मले मारलं असतं? मी नाही बसली अडून. मलेच नाही माहीत कावून."

फकिराभाऊंनी तिच्याकडे पाहिलं. हे खरं होतं, की बापाच्या मनावरचा भार उतरवायला पोरीनं आत्ता रचलेलं होतं? आकडा धरायचा त्यांनी प्रयत्न केला. तो येईना.

"बरं," ते म्हणाले. कार्डाचा खोका तिच्याकडे सरकवला. "मंग हे कार्ड ने."

"नेते. रेणूपाशी एक कॅबिनेट पडलं आहे. टीनडब्बा आहे, पण लांब आहे." मग जरा अडखळून, "बाकीचं पण नेऊ का? ऑफिसचं काम ऑफिसात होईन. पण संध्याकाळी खेळाले आपलं पाहिजे ना."

"ने ना. तुयंच आहे."

जायच्या आदल्या दिवशी दोघांनी मिळून कम्प्युटर खोलला. गुंजन स्क्रू काढायची, फकिराभाऊ टॉर्च धरायचे आणि स्क्रू वाटीत जमा करायचे. प्रोसेसर, रॅम, दातकोरण्याच्या पाकिटाएवढी ती साठवण, बोर्ड, सबस्टेशन. सगळं आपापल्या खोक्यात गेलं, सगळी खोकी एका बॅगेत गेली आणि बॅगेची चेन सहज लागली. अजून दोन स्वेटर मावले. घरात कम्प्युटरचा पडदा राहिला, कारण पडदा रेणूकडेही होता, आणि टेबलाखाली फरशीवरचं ते काळं कॅबिनेट.

दुर्ग स्टेशनवर भूपेंद्र आला होता. त्यानं बॅग घ्यायला हात पुढे केला, पण फकिराभाऊंनी दिली नाही. पुलावरून, जिन्यावरून, डब्यापर्यंत स्वतःच नेली.

"जड आहे का बे?" भूपेंद्रनं विचारलं.

"नाही," फकिराभाऊ म्हणाले. "काहीच नाही."

गाडी सुटल्यावर दोघं मित्र बाकावर बसून राहिले. भूपेंद्रला दिवाणाचा टोमणा मारता आला असता. त्यानं मारला नाही. खिशातून तंबाखूची डबी काढली, उघडली आणि फकिराभाऊंसमोर धरली.

हैदराबादहून फोन आला तो चार-पाच दिवसांनी, संध्याकाळचा. "बाबा, लावला. मस्त चालून राहिला. एकदाही अटकला नाही."

"कार्ड बसलं बराबर?"

"बसलं. जागा उरली वरून."

मागून कोणीतरी, बहुधा रेणू, ओरडत होती, "गुंजन जल्दी आ, पीछे से आ रहे हैं." गुंजन म्हणाली, "बाबा, ठेवते. जेवले ना?" फकिराभाऊ म्हणाले, जेवलो. जेवले नव्हते. पण पोरगी दुसरीकडे ओरडायला निघाली होती, तिला थांबवायचं कशाला.

त्या आठवड्यात वरची खोली झाडताना कॅबिनेट केरसुणीच्या आड येत होतं, म्हणून त्यांनी ते ढकलत जिन्यापर्यंत आणलं आणि एकेक पायरी टेकवत खाली उतरवून अंगणात ठेवलं. भंगारवाला सुखराम हातगाडी घेऊन गल्लीतून चालला होता. त्याला लोखंड लांबूनच ओळखू आलं. फाटक लोटून तो आत आला, वाकून टिचकी मारली आणि त्याचे डोळे मोठे झाले. ज्या नजरेनं फकिराभाऊंनी ते दुकानात पाहिलं होतं, त्याच नजरेनं एवढ्या दिवसांत ते आणखी कोणी पाहिलं असेल तर या सुखरामनं.

"बढ़िया लोहा हे बाबू. बेचबे का?"

फकिराभाऊ ओट्यावर बसले होते.

सुखरामनं एका कडेला हात घालून उचलून पाहिलं. कॅबिनेट जेमतेम तिरपं झालं. त्यानं आत डोकं घातलं, हात फिरवला. हाताला ते जाळं लागलं, त्याच्यावरची अर्धवट खाच लागली. बाकी काही लागलं नाही. "एमा तो कुछु नइ हे," तो म्हणाला. "खाली हे, तभो ले अतेक गरू?" रिकामं असून एवढं जड कसं, हे त्याला पटेना. त्यानं पुन्हा एकदा उचलून पाहिलं.

"हो," फकिराभाऊ म्हणाले. "तसंच आहे ते."

"त ले जाँव?"

आत गॅसवर ठेवलेला चहा उतू गेल्याचा वास आला. फकिराभाऊ उठले. "राहू दे आज," ते म्हणाले. "मंग ये कधी."

सुखरामनं कॅबिनेट होतं तिथंच नीट टेकवलं, हात झटकले आणि हातगाडी पुढच्या घराकडे नेली.